पेशवाईवर दावा सांगणारा सावकार

बारामती म्हटले की आपल्याला राजकारण आठवते. पण या गावाची राजकारणाशी गाठ फार जुनी. अठराव्या शतकात इथल्या एका सावकाराने थेट पेशवेपदावर दावा सांगितला होता. त्यांचे नाव बाबूजी नाईक जोशी.

जर्मनीतल्या हॅम्बर्ग, ल्युबेकसारख्या बंदरांत तालेवार व्यापारी नगरसभेत बसून कारभार पाहत. तिथे ती रीतच होती. आपल्याकडे सावकाराला दरबारात अशी ठरलेली जागा नव्हती. तरी त्याच्यावाचून दरबाराचे पान हलत नसे. फौज निघायची कर्ज काढून. चौथाई हाती यायची नंतर. थोरल्या बाजीरावांवर कर्जाचा डोंगर होता आणि त्यांच्या धनकोंपैकी एक होते बाबूजी नाईक. शिवाय सोयरीकही होती. बाजीरावांची बहीण भिऊबाई ही बाबूजींचे बंधू आबाजी नाईक यांची पत्नी.

२८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव वारले. त्यांचे पुत्र नानासाहेब तेव्हा जेमतेम विशीतले. नागपूरकर रघूजी भोसल्यांनी बाबूजींचे नाव पुढे केले. बाबूजींनी शाहू महाराजांना मोठी रक्कम देऊ केली. सदा कर्जात असलेल्या छत्रपतींना तो मोह साधा नव्हता. तरीही महाराजांनी पेशवाईची वस्त्रे नानासाहेबांनाच दिली. पैसा दारापर्यंत पोहोचला, आत गेला नाही.

मग बाबूजींनी सावकाराचे हुकमी शस्त्र उपसले. बाजीरावांच्या कर्जासाठी त्यांनी नानासाहेबांमागे तगादा लावला. दिवाण महादजीपंत पुरंदरे यांनी आपली पत खर्ची घातली, तेव्हा कुठे नव्या पेशव्यांची सुटका झाली. पुढे बाबूजींना कर्नाटकातील वसुलीची कामगिरी मिळाली. तीत त्यांना यश आले नाही आणि ती मोहीम सदाशिवरावभाऊंकडे गेली. हिशेब जाणणे वेगळे, स्वारी चालवणे वेगळे.

पण गोष्ट इथे संपत नाही. कऱ्हाकाठच्या बाबूजींच्या वाड्यात त्यांनी एका पुराणिकाला आश्रय दिला. पन्हाळ्याला १७२९ मध्ये जन्मलेले हे मोरेश्वर रामचंद्र पराडकर, म्हणजे आपले मोरोपंत. महाभारत त्यांनी आर्यावृत्तात मराठीत आणले ते बारामतीत राहून, आणि १७९४ मध्ये देह ठेवला तोही इथेच.

बाजीरावांना दिलेल्या कर्जाची आज कोणाला आठवण नाही. मोरोपंतांचे नाव निघाले, की मात्र बाबूजी नाईकांचेही निघते. शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांच्या सगळ्या व्यवहारांत हाच व्यवहार फायद्याचा वाटतो.