हेड नवे, मग हिशेब कुणाचा?

आमच्या नगरला (आता अहिल्यानगर, पण जिभेवर नगरच) जुन्या मारुती ८०० चे हेड बदलायचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. कार्ब्युरेटर ठेवावा की कॉम्प्युटर बसवावा? मास्तरकीच्या सवयीने मी इतिहासाकडे वळतो.

डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी आली तेव्हा ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह. पेट्रोल कार्ब्युरेटर देई, ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटर साधे, आणि मिस्त्री दोन्ही कानाने जुळवी. २००० साली धुराचे नियम कडक झाले. कंपनीने बारा व्हॉल्व्हचे इंजिन आणले, पण नुसते हेड बदलले नाही, सोबत एमपीएफआयही दिले. सीसी तेवढेच, ताकद मात्र ४५ अश्वशक्तीच्या आसपास.

धडा एवढाच, की हेड बदलले की आत येणारी हवा बदलते, मग पेट्रोल-ठिणगीचा हिशेबही बदलतो. म्हणून नवे हेड घेतले तर इंजेक्टर, सेन्सर, पंप, वायरिंग आणि ईसीयू एकाच गाडीचे घ्यावेत. तो खर्च झेपत नसेल, तर जुनेच हेड दुरुस्त करून कार्ब्युरेटर राखावा. त्यात कमीपणा नाही.

फक्त कानाने टायमिंग लावणारे मिस्त्री आता थोडे उरलेत. ते आहेत तोवरच हा दुसरा रस्ता खुला आहे.