तुटलेला शाफ्ट आणि चांद्याचे सागवान : रस्त्याकडेच्या मिस्त्रीचा इतिहास

१/ आलापल्लीच्या सागवानाचा इतिहास सांगताना आपण गोंड राजे, अहेरीची जमीनदारी, इंग्रज वनाधिकारी आणि बल्लारपूरची पेपर मिल यांची नावे घेतो. पण ते लाकूड वाहून नेणारा ट्रक भर जंगलात बंद पडला, तर तो पुन्हा उभा कोण करीत असे? आजचा धागा या प्रश्नाविषयी आणि ट्रकच्या पोटाखालच्या एका लोखंडी नळीविषयी आहे. तिचे नाव प्रोपेलर शाफ्ट.

२/ आधी भूगोल. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत गडचिरोली हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. १८६० च्या दशकात इंग्रजांनी गोदावरी-प्राणहितेतून जलमार्ग काढण्याचा खटाटोप केला, पण खडकाळ पात्रापुढे तो सोडून द्यावा लागला. लाकडासाठी उरली बैलगाडी, ओंडके ओढणारे हत्ती आणि पुढे बल्लारशाहची रेल्वे. त्या हत्तींची आठवण कमलापूरच्या कॅम्पात आजही जिवंत आहे.

३/ मग ट्रक आले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या शिल्लक गाड्या ‘डिस्पोजल’ म्हणून देशभर विकल्या गेल्या. १९५४ मध्ये टेल्कोने डायम्लर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. १५ वर्षांचा करार १९६९ मध्ये संपला, पुढे नाकावरचा तारा गेला, पण गाडीची मूळ घडण दीर्घकाळ तीच राहिली. त्यामुळे एका ट्रकचा भाग दुसऱ्याला बसे. जुनी गाडी इतकी वर्षे जगली, त्याचे एक कारण हे.

४/ शाफ्टचे काम काय? इंजिन पुढे, ओढणारी चाके मागे. गिअरबॉक्समधून निघालेली फिरकी मागच्या डिफरन्शियलपर्यंत हा शाफ्ट नेतो. मागचा धुरा खड्ड्यागणिक पाट्यांवर वरखाली होतो, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना वळणारा सांधा हवा. हाच युनिव्हर्सल जॉइंट, आणि त्याच्या मध्यभागी असतो अधिकचिन्हाच्या आकाराचा ‘क्रॉस’. लांब गाडीत शाफ्टचे दोन तुकडे असतात आणि मध्ये सेंटर बेअरिंग.

५/ हा सांधा मोटारीपेक्षा कितीतरी जुना आहे. रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये त्याचे वर्णन केले, ते खगोलयंत्रांसंबंधीच्या पुस्तकात! मोटारीसाठी त्याचे पेटंट क्लॅरेन्स स्पायसरने १९०३ मध्ये अमेरिकेत मिळवले. आकाश पाहण्याच्या उपकरणातली युक्ती अशी आलापल्लीच्या चिखलात येऊन पोहोचली.

६/ आणि चिखलातच ती तुटते. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ कित्येक पटींनी वाढतो. ओंडक्यांनी भरलेली गाडी रुतली, चाक हलेना आणि चालकाने क्लच झटक्यात सोडला, तर तो सगळा पीळ क्रॉसवर येतो. धूळ आणि पाणी आत शिरून ग्रीस आधीच संपलेले असेल, तर क्रॉस तुटायला वेळ लागत नाही. पुढचा सांधा सुटला, तर शाफ्टचे टोक जमिनीवर आपटत जाते आणि वाटेत येईल ते मोडते.

७/ दुरुस्तीचा पहिला नियम पान्याशी संबंधित नाही. आधी चाकांखाली दगड लावायचे! गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली, तरी शाफ्ट काढताच इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो. उतारावर ती गाडी खालच्या माणसाच्या अंगावरून जाऊ शकते. हा नियम वस्तुसंग्रहालयात सापडणार नाही, तो उस्तादाकडून पोऱ्याकडे तोंडी जातो.

८/ दुसरा नियम : खोलण्याआधी छन्नीने खुणा करा. मग फ्लँजचे बोल्ट काढायचे, सर्कलिप काढायच्या, ठोकून कप बाहेर काढायचे, नवा क्रॉस बसवायचा आणि ग्रीस भरायचे. कपातली एक सुईएवढी रोलर आडवी पडली, तरी सांधा जाम होतो.

९/ खुणा कशासाठी? शाफ्ट तिरका फिरत असेल, तर एकटा जॉइंट गती समान देत नाही. १५ अंशांच्या कोनात ती प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे साडेतीन टक्के वाढते आणि दोनदा तितकीच घटते. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील, तर एकाची चूक दुसरा फेडतो. एक दात चुकवून बसवले, की गाडी थरथरते आणि सेंटर बेअरिंग जाते. मिस्त्रीला हे त्रिकोणमितीने ठाऊक नसेल, हाताने ठाऊक असते.

१०/ नळीच वाकली, तर जंगलात उपाय नाही. ती लेथवर सरळ करावी लागते आणि तोल साधण्यासाठी तिच्यावर छोट्या पट्ट्या वेल्ड कराव्या लागतात. म्हणजे आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर या वाटेने शाफ्ट शहरात जायचा आणि चालक-क्लीनर मालासह रानात थांबायचे. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर आला, की भामरागडचा रस्ताच बंद. लाकूडतोडीचा आणि ओढाईचा हंगाम कोरड्या महिन्यांचा का, हे इथे कळते.

११/ इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ च्या आपल्या ग्रंथात मांडले, की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांपेक्षा वापराचा आणि देखभालीचा असायला हवा. आपल्याकडे त्याचा पुरावा दूर शोधायला नको. हूक आणि स्पायसर यांच्या तारखा आपल्याला ठाऊक आहेत. ज्या हातांनी तो सांधा चांद्याच्या रस्त्यांवर चालता ठेवला, त्यांना तारीखही नाही आणि नावही नाही.

१२/ मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी इथले सागवान बल्लारपुराहून निघाले, तेव्हा शोभायात्रा निघाली. लाकडाला मान मिळाला, तो योग्यच. पण वाहतुकीचे श्रम हीसुद्धा इतिहासाचीच सामग्री आहे. तुमच्या गावात एखादा वृद्ध मिस्त्री असेल, तर त्याच्याजवळ बसा, फोनवर त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, हत्यारांची नावे लिहून घ्या. हे दफ्तर कोणत्याही अभिलेखागारात नाही आणि ते वाचण्याची मुदत माणसाच्या आयुष्याएवढीच आहे.