प्रतापसिंह हायस्कूल, सातारा

महाराष्ट्रातील जुन्या सार्वजनिक माध्यमिक शाळांपैकी एक. स्थापना १८५१. पूर्वीचे नाव सातारा गव्हर्न्मेंट हायस्कूल. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे माध्यमिक शिक्षण या शाळेत सुरू झाले.

इतिहास : सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज (कारकीर्द १८०८–३९) यांनी १८२४ मध्ये शहरात राजवाडा बांधला. इंग्रजांनी १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केले आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा केले. त्यानंतर तीनच वर्षांनी सुरू झालेली ही सरकारी शाळा पुढे याच राजवाड्यात भरू लागली. शताब्दीच्या वर्षी, १९५१ मध्ये, शाळेला प्रतापसिंह महाराजांचे नाव देण्यात आले. आता ती सातारा जिल्हा परिषदेकडे आहे.

प्रवेशाचा हक्क : सरकारी शाळा सुरू झाल्या, तरी त्यांचे दार सर्वांना खुले नव्हते. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार जातीतील एका मुलाला प्रवेश नाकारण्यात आला. हे प्रकरण लंडनपर्यंत गेले आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असाव्यात, हे तत्त्व पुढे सरकारने मान्य केले. नियम झाला तरी वर्गातला भेदभाव मात्र संपला नाही.

आंबेडकरांचे शिक्षण : याच महार समाजातील, लष्करी सेवेतून निवृत्त झालेले सुभेदार रामजी यांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी आपला मुलगा भीमराव याचे नाव या शाळेत इंग्रजी पहिलीत घातले. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. १९०४ पर्यंत ते येथे शिकले; नंतर कुटुंब मुंबईस गेले आणि १९०७ मध्ये ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. साताऱ्यात शाळेत असताना कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे, असे त्यांनी आत्मकथनात लिहून ठेवले आहे. शाळेचा गौरव सांगताना हा अपमानही सांगितला पाहिजे. तो वगळला तर त्या प्रवेशाचे मोल कळत नाही.

लौकिक : शाळेने हे रजिस्टर जपून ठेवले आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये निर्णय काढून ७ नोव्हेंबर हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून राज्यातील शाळांत व कनिष्ठ महाविद्यालयांत पाळण्यास सांगितले. त्यामुळे राज्यातील दूरदूरच्या शाळांचेही सातारच्या या शाळेशी नाते जुळले. उत्तम निकाल किंवा नामवंतांची लांबलचक यादी यांवर अनेक शाळांचा लौकिक उभा असतो. प्रतापसिंह हायस्कूलचा लौकिक मुख्यतः एका प्रवेशावर उभा आहे. सरकारी शाळेचे दार उघडे असल्यामुळे जो मुलगा आत येऊ शकला, त्यानेच पुढे भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले. सार्वजनिक शिक्षण टिकले पाहिजे, याचा याहून भक्कम पुरावा महाराष्ट्राला शोधावा लागत नाही.