आबदारखान्याचे शास्त्र

इंदूरच्या दक्षिण अंगाला, आग्रा-मुंबई मार्गावर, भंवरकुआं नावाची वस्ती आहे. आज ती विद्यार्थ्यांच्या वर्दळीने आणि शिकवणी-वर्गांच्या पाट्यांनी गजबजलेली असते. नावात मात्र विहीर अजून नांदते आहे. वैशाखातल्या दुपारी तेथे पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवशी एखाद्या यजमानाने युरोपी पुस्तक उघडून ‘तांबडे द्राक्षमद्य खोलीच्या तपमानाला द्यावे’ हे वचन शिरोधार्य मानले, तर पाहुण्याच्या पेल्यात काय पडेल? जवळजवळ काढाच!

पुस्तकातला नियम खोटा नाही. त्यातली खोली दुसऱ्या देशातली आहे. फ्रान्समधील जुन्या घरांत मद्य थंड तळघरात ठेवीत आणि भोजनापूर्वी वर आणून किंचित ऊब देत. फ्रेंच भाषेत या क्रियेला खोलीवरूनच नाव पडले. त्या काळच्या खोलीचे तपमान सोळा-अठरा अंश सेल्सिअसच्या आसपास असे. त्याहून उष्ण झाले की मद्यार्काची वाफ सुगंधावर मात करते. फार थंड झाले की सुगंध मिटतो आणि तुरटपणा तेवढा जिभेला लागतो. पांढऱ्या मद्याला आठ ते बारा अंश मानवतात, फेसाळ मद्याला सहा ते आठ. अंश हा मद्याचा गुण होय, खोलीचा नव्हे.

आपल्याकडे प्रश्न उलटा होता. तेथे ऊब द्यावयाची, येथे उष्णता काढून घ्यावयाची. आणि ही विद्या आपल्याकडे मद्यासाठी नव्हे, पाण्यासाठी वाढली. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांच्या यादीत शरबतखाना आणि आबदारखाना अशी दोन स्वतंत्र नावे आढळतात. (त्याच यादीतला दारूखाना म्हणजे तोफेच्या दारूचा, हे सांगितलेले बरे!) आब म्हणजे पाणी, ते राखणारा तो आबदार.

आबदाराचे शास्त्र कसे होते, ते अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त मोजमापासह लिहून ठेवले आहे. एक शेर पाणी धातूच्या सुरईत भरून तिचे तोंड बंद करावयाचे. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकावयाचा आणि त्यात ती सुरई अर्धी घटका, म्हणजे बारा मिनिटे, फिरवीत राहावयाचे. सोरा विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो, आणि सुरईतले पाणी गार होते. जो सोरा तोफेच्या दारूत आग ओकतो, तोच येथे शीतलता देतो, हे नवल अबुल फजलालाही नोंदवावेसे वाटले. उरलेले पाणी आटवले की सोरा परत हाती येई.

माळव्याला मात्र निसर्गाने याहून स्वस्त साधन दिले होते. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. तेवढ्याने शंभर ग्रॅम पाणी साडेपाच-सहा अंशांनी उतरते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीच्या या पठारावरची उन्हाळी हवा कोरडी. म्हणून विहिरीचे पाणी मातीच्या सुरईत भरून तिला ओले फडके गुंडाळले, वाऱ्याला ठेवले, की काम भागे. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती लंगडी पडते. तेथे सोरा हवा, नाही तर बर्फ.

तो बर्फ आला थेट अमेरिकेतून! फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ साली ‘टस्कनी’ जहाजातून कलकत्त्यास बर्फ धाडला. वाटेत पुष्कळसा विरघळूनही सुमारे शंभर टन पोहोचला. १८३४ मध्ये मुंबईत जमशेटजी जिजीभाईंच्या मेजवानीत आइसक्रीम वाढले गेले, आणि यजमान व पाहुणे यांना पडसे झाल्याचे वृत्त ‘मुंबई समाचार’ने दिले. तोवर साहेबांच्या टेबलावरील मद्य सोऱ्याने गार करणारा आबदार हा मोठ्या मानाचा सेवक होता. बर्फ आला, आणि त्याच्या हातातली कला निरुपयोगी ठरली.

इंदुरात या कथेचा पुढला टप्पा भंवरकुआंपासून फार दूर नाही. १९३० ते १९३३ या काळात यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा उभारून घेतला, आणि त्यात हवा थंड करण्याची यंत्रणा बसविली. आबदार पेला थंड करी; येथे सबंध खोलीच थंड झाली. युरोपातले वचन माळव्यात खरे करण्यासाठी युरोपातली हवाच निर्माण करावी लागली! १९८० साली त्या वाड्यातले सामान मोंटे कार्लोला लिलावात निघाले. वाड्यात पुढे सरकारी कर-कचेरी आली.

मद्याची थोरवी गाणे हा या भाषणाचा हेतू नव्हे. पण ज्याच्या घरी नाशिकची बाटली येत असेल, त्याने एवढे ध्यानी धरावे : तांबडे मद्यही उन्हाळ्यात अर्धा-पाऊण तास शीतकपाटात ठेवावे, पांढरे त्यातून काढून थोडा वेळ बाहेर राहू द्यावे. मद्य न पिणाऱ्यालाही येथे घेण्याजोगे काही आहे. परदेशातून आलेला नियम वाचताना तो कोणत्या हवेत जन्मला, हे आधी विचारावे. आबदाराने पुस्तक पाहिले नव्हते; तो हवा पाहत होता, भांड्याला हात लावून पाहत होता. त्याचा सोरा गेला, सुरई गेली. ती चौकस बुद्धी तरी आपण जाऊ देऊ नये.