गाडीत पेट्रोलचा वास येतोय? वाफेची छोटी गळती अशी शोधा

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीजवळ सकाळी पेट्रोलचा वास येतो, पण खाली एक थेंबही दिसत नाही. अशा वेळी बहुतेकदा पेट्रोलची वाफ गळत असते. आमच्या गंगाखेडला उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि टाकी जितकी तापेल तितकी वाफ जास्त. मोठ्या वर्कशॉपसाठी परभणी-नांदेड गाठण्याआधी घरच्या घरी काय तपासता येतं, ते पाहू.

वाफ जाते कुठे?

टाकीतली वाफ नळीतून कोळशाच्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये जाते. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात जाऊन जळते. झाकण, नळ्या, कॅनिस्टर, व्हॉल्व्ह यांपैकी कुठंही फट पडली की वास बाहेर येतो.

मोबाइलवर कोड कसा वाचायचा?

स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनचा ओबीडी पोर्ट असतो. त्यात ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ स्कॅनर लावा, इग्निशन ऑन करा आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर हे ॲप उघडा. आयफोन असेल तर स्कॅनर त्याला चालतो का, हे घेण्याआधीच बघा.

- पी०४५५: मोठी गळती
- पी०४४२: छोटी गळती, साधारण १ मिमी छिद्राएवढी
- पी०४५६: अगदी छोटी, साधारण अर्ध्या मिमीची
- पी०४५७: झाकण सैल किंवा नाही
- पी०४४३: पर्ज व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये बिघाड

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हा कोड एरर लॉगसारखा वाटतो. कुठली चाचणी फेल झाली ते कळतं. कुठला पार्ट बदलायचा ते आपणच शोधायचं.

कोड नाही, म्हणजे गळती नाही?

तसं समजू नका. बारीक छिद्र गाडीनं स्वतः शोधावं हा नियम मुळात अमेरिकेतला. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या फक्त पर्ज व्हॉल्व्हचं सर्किट तपासतात. आमच्या घरच्या गाडीत एकही कोड नव्हता, वास मात्र टाकी फुल केली की यायचा. झाकणाची रबरी रिंग कडक होऊन चिरली होती. झाकण बदललं, वास गेला.

या क्रमानं तपासा

१. झाकण: रिंग चिरलीय का, धूळ बसलीय का बघा. कोरड्या कापडानं पुसा आणि टकटक आवाज येईपर्यंत फिरवा.

२. नळ्या: इंजिन थंड असताना टॉर्चनं बघा. उंदरांनी कुरतडलेल्या किंवा उन्हानं तडकलेल्या नळ्या सहज सापडतात. तिथं साधी पाण्याची नळी लावू नका, पेट्रोलसाठीचीच घ्या.

३. पर्ज व्हॉल्व्ह: बहुतेक गाड्यांत वीज नसताना हा बंद असतो. काढून हातपंपानं हलकी हवा द्या. हवा आरपार गेली तर व्हॉल्व्ह खराब.

४. कॅनिस्टर: पंपावर ऑटो कट झाल्यावरही "अजून थोडं टाका" म्हणायची सवय असेल तर पेट्रोल कोळशात शिरतं आणि कॅनिस्टर निकामी होतो.

एवढ्यानं सापडलं नाही तर स्मोक टेस्ट करणारं वर्कशॉप गाठा. कमी दाबानं धूर सोडतात. जिथून धूर निघतो तिथं गळती.

हे करू नका

- टाकीत कॉम्प्रेसरची हवा भरू नका.
- जवळ काडी, लायटर किंवा सिगारेट नको. तपासणी मोकळ्या हवेतच करा.
- दुरुस्तीआधी कोड पुसू नका. पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, मेकॅनिकला तोच उपयोगी पडतो. पुसल्यावर लाइट लगेच येत नाही, कारण गाडी ही चाचणी थंड इंजिन, टाकीतली पातळी अशा अटी जुळल्यावरच करते.

खाली ओलं पेट्रोल दिसलं, तर मात्र मोबाइल, स्कॅनर सगळं बाजूला ठेवा. गाडी सुरू करू नका, माणसं लांब करा आणि मेकॅनिकला जागेवर बोलवा.