‘वाचणे’ आणि ‘बरे होणे’: अतिदक्षता-चिकित्सेच्या इतिहासातील एक भेद

‘रोगी वाचला’ आणि ‘रोगी बरा झाला’ ही मराठीत दोन भिन्न विधाने होत. पहिल्याने मृत्यू टळल्याचे कळते. दुसऱ्याने मनुष्य पूर्ववत झाल्याचे. या दोहोंतील अंतर मोजण्यास वैद्यकाला सुमारे साठ वर्षे का लागावीत, याचा येथे विचार करावयाचा आहे.

अतिदक्षता-चिकित्सेचा आरंभ सामान्यतः कोपनहेगन येथील १९५२ च्या पोलिओच्या साथीपासून मानतात. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्यांच्या श्वासनलिकेस छिद्र पाडून, रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरण्याची पद्धत ब्यर्न इब्सेन यांनी ब्लेगडाम रुग्णालयात अवलंबिली. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हे काम केले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले आणि १९५३ च्या अखेरीस त्याच शहरात स्वतंत्र अतिदक्षता-विभाग निघाला. तथापि ज्या बारा वर्षांच्या मुलीवर हा उपाय प्रथम यशस्वी झाला, ती वाचली तरी तिचे हातपाय लुळेच राहिले. म्हणजे हा प्रश्न पहिल्याच रोग्याबरोबर उपस्थित झाला होता.

तो मागे पडला याचे कारण गणनेच्या रीतीत आहे. सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे. त्यावरील औषधांच्या चाचण्यांत बहुधा अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूच मोजले जात. त्यापुढे जगलेला रोगी यशाच्या रकान्यात जाई. घरी त्याला जिना चढता येतो काय, पैशांचा हिशेब जमतो काय, यासाठी रकानाच नव्हता.

२०१० साली थिओडोर इवाशिना व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील वृद्धांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने ही उणीव उघड केली. या व्यक्तींच्या मुलाखती आजारापूर्वीही झाल्या असल्याने तुलना शक्य झाली. तीव्र सेप्सिसमधून वाचलेल्यांत मध्यम ते गंभीर बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण ६.१ टक्क्यांवरून १६.७ टक्क्यांवर गेले होते. दैनंदिन व्यवहारांतील परावलंबनही वाढले होते. २०१२ मध्ये अतिदक्षतेनंतरच्या शारीरिक, बौद्धिक व मानसिक विकारांस ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ ही संज्ञा मिळाली. रोग्याच्या कुटुंबीयांवर होणारा मानसिक परिणामही तीत अंतर्भूत केला गेला.

संज्ञेने व्याधी निर्माण होत नाही. परंतु तिच्या अभावी व्याधी नोंदीबाहेर राहते. ‘वाचलात हेच पुष्कळ’ या उद्गारापुढे रोग्याची तक्रार कृतघ्नतेची ठरते. त्या तक्रारीस पुरावा मानणे, हा या इतिहासातील उशिरा आलेला, परंतु महत्त्वाचा टप्पा होय.