नगरची मुलींची शाळा : निवड कोणाची?

इंग्लंडमध्ये मुलींच्या काही शाळा अशा आहेत, की तिथे अकराव्या वर्षी परीक्षा देऊन उत्तीर्ण होईल तिलाच प्रवेश मिळतो. शेवटच्या दोन वर्षांत, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीत, मुलगेही येऊन बसतात. तिथे शाळा मुली निवडते. आपल्या नगरचा इतिहास मात्र उलटा आहे. इथे शाळेचे दार उघडे होते. मुलीला त्या दारापर्यंत जाऊ द्यायचे की नाही, हे घर आणि गाव ठरवत होते.

याच जिल्ह्यातल्या चौंडी गावी १७२५ मध्ये अहिल्याबाईंचा जन्म झाला. २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. वडील माणकोजी शिंदे यांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवले, असे सांगतात. पण ती एका बापाची समज होती. शेजारच्या घरातल्या मुलीला तिचा काय उपयोग? मुलीचे शिक्षण वडिलांच्या मर्जीवर राहू नये, यासाठीच तर शाळा लागते.

ही शाळा नगरला आली ती परक्या माणसांच्या हातून. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली आणि १८३१ मध्ये नगरला आपले ठाणे केले. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरली. प्रकृती ढासळल्याने १८३७ मध्ये ती मायदेशी गेली. पण १८३९ मध्ये परतली ती थेट नगरला. १८६२ मध्ये इथेच तिने देह ठेवला. आयुष्याची बावीस-तेवीस वर्षे तिने नगरच्या मुलींना दिली.

मुली मिळणे सोपे नव्हते. बाईने लेखणी धरली की नवऱ्यावर संकट येते, असा समज होता. लग्ने लहानपणीच होत, त्यामुळे आज आलेली मुलगी उद्या सासरी जाई. मिशनच्या शाळेत ख्रिस्ती धर्माचे पाठही असत. मुलगी बाटेल ही लोकांची भीती अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही. धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता.

जोतीराव फुले मित्राबरोबर नगरला आले, तेव्हा त्यांनी फरारबाईंची शाळा पाहिली. पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा त्यांचा विचार तिथे बळावला. १८४८ मध्ये भिडेवाड्यात ती सुरू झाली. मिशनचे काम पाहून आपल्याच माणसांनी आपल्याच मुलींसाठी काढलेली ही शाळा. पण शिकवणार कोण? बाई शिकवायला असेल तरच घरचे मुलीला पाठवतील. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. एक शिकलेली बाई किती घरांचे दार उघडते, हे यातून दिसते.

या कामाला फळही लवकर आले. फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता या मांग समाजातल्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. हे पत्र १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले होते. जिला शाळेच्या ओसरीवरही कोणी उभे केले नसते, ती मुलगी आता छापील पानावरून समाजाला जाब विचारत होती.

पुढे वाद ‘शिकवावे की नाही’ यावरून ‘किती शिकवावे’ यावर आला. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेत मुलींचे हायस्कूल निघाले, तेव्हा मुलींना इंग्रजी उच्च शिक्षण कशाला, असे म्हणत टिळकांनी ‘केसरी’तून विरोध केला. नगरला १९४७ मध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापले. मुलगे-मुली एका वर्गात बसण्याचे नवल आज शहरात कोणाला वाटत नाही.

तरीही जुनी निवड संपलेली नाही. पाथर्डीसारख्या तालुक्यातून ऊसतोडणीला कुटुंबे निघतात, तेव्हा मुलगी बरोबर जाते ती धाकट्या भावंडांना सांभाळायला. दहावीनंतरचे कॉलेज दूर असले, की मुलाला एसटीचा पास मिळतो आणि मुलीसाठी स्थळ पाहिले जाते. फरारबाईंना घरोघर जाऊन ज्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले, तो प्रश्न आजही काही उंबरठ्यांवर उभा आहे. त्याचे उत्तर आता परक्यांनी येऊन द्यायचे नाही, आपणच द्यायचे आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)